तारवाली बाई

माझ्या मावससासूइतकी दुसऱ्याची नखं जिवापाड जपणारी बाई त्रिभुवनात झाली नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. लोक सोनं जपतात, जमिनीचे कागद जपतात, फार तर जुनी पत्रं जपतात. मावशींनी नखं जपली, आणि तीही परक्यांची. चुनाभट्टीवरचा कामगार, गेट जोडणारा वेल्डर, लाकडाला पॉलिश मारणारा, कपाशीवर फवारा मारणारा, तेजाबात चांदी उजळणारा. ज्याच्या हाताला कामावर काहीतरी लागतं तो मावशींचा सगासोयरा. बोलता बोलता त्या समोरच्याचा हात हातात घेत, कमरेच्या पिशवीतून नेलकटर काढत, आणि आपलं काय गेलं हे त्या भल्या माणसाला कळायच्या आत त्याची नखं लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात जाऊन पडलेली असत. पाकिटावर नाव, गाव, वय, काम, कामाला किती वर्षं झाली, आणि शेवटी एक ठरलेला प्रश्न: जेवायच्या आधी हात धुते काय? त्यापुढे बहुतेक पाकिटांवर 'नाई' असंच लिहिलेलं असे. निवृत्त झाल्यावर त्या चंद्रपूरहून चामोर्शीला आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आल्या, तेव्हा सामानात पातळांची एक पिशवी आणि पत्र्याच्या तीन पेट्या होत्या. भांडीकुंडी असतील म्हणून मी एक पेटी जोर लावून उचलली, तर ती एवढी हलकी निघाली की मी मागच्या मागे भिंतीवर आपटलो. आत काहीतरी सळसळलं. "मावशी, यात आहे तरी काय?" मी विचारलं. "मानसं आहेत, जवाईबापू. हळू ठेवा," त्या म्हणाल्या.

ही माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. सासूबाईंना मी कधी भ्यालो नाही. देवाने ती सगळी भीती मावससासूसाठी राखून ठेवली होती. उंची बेताची, अंग काटकुळं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि त्या चष्म्यातून माणसाच्या तोंडाकडे न पाहता थेट बोटांकडे पाहायची सवय. चंद्रपुरात एका तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्म काढला. आधी नळ्या धुतल्या, मग शिकत शिकत तपासण्या करू लागल्या. नवरा छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा आणि त्याच हातांनी भात कालवायचा. एक दिवस त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या, मग मनगट लुळं पडलं, मग तो गेला. लोक म्हणाले, ताप. मावशी म्हणाल्या, शिसं. ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी नवऱ्याची नखं कापून एका पाकिटात ठेवली, कधीतरी कोणीतरी तपासेल या आशेने. ते पहिलं पाकीट. पुढे ओळखीच्या एका तपासनिसाला त्या अधूनमधून काही पाकिटं पाठवू लागल्या. ज्यांचे निकाल येत ते एका लांबड्या वहीत उतरत, बाकीची पेटीत आपल्या पाळीची वाट पाहत पडून राहत.

दर रविवारी त्या पाकिटांची हजेरी घेत. भर उन्हाच्या दुपारी, सारं चामोर्शी दारं लावून पडलेलं असताना, माडीवरून त्यांचा आवाज यायचा. "तुळशीराम, चुनाभट्टी." थोडं थांबून त्याच होकार देत, "हाव." "बयना, पापडखार." "हाव." हजर असणाऱ्यांचं काही वाटत नसे. पण मध्येच एखाद्या नावानंतर 'हाव' येत नसे. तो माणूस गेल्याची बातमी त्या आठवड्यात मावशींना लागलेली असे. मग कात्रीचा कच्च असा आवाज येई. गेलेल्याच्या पाकिटाचा एक कोपरा त्या कापून टाकत, एवढंच. पण खाली चटईवर पडलेल्या आम्हा दोघांना तो आवाज पंख्याच्या घरघरीतूनही बरोबर ऐकू यायचा. बायको माझ्या हातावर हात ठेवून म्हणायची, "आज दोन गेले." मग दिवसभर मला माझीच बोटं बघवत नसत. मी हायस्कुलात मराठीचा मास्तर. मावशींच्या लेखी माझा धंदाही काही निर्धोक नव्हता. खडूची भुकटी छातीत जाते म्हणून माझंही एक पाकीट त्यांनी केलं होतं, आणि ते कोणत्या पेटीत आहे हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

आता आमच्याकडे नखं आणि केस दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नयेत हे शेंबडं पोरही जाणतं. करणी करायला याहून जास्त काही लागत नाही. मावशींना हे कोणी सांगायला गेलं की त्या म्हणत, "करनीनं मेलेला मानूस मले एक दाखवा. हात न धुतल्यानं मेलेले मी पेटीभर दाखवतो." एकदा आम्ही मूल गावावरून एसटीने येत होतो. शेजारच्या सीटवर एक शेतकरी बसला होता, तोंडातून चकार शब्द नाही. मावशी त्याच्या हाताकडे बघत बघत म्हणाल्या, "भाऊ, तुमी दवाई डाव्या हातानं कालवता. काडी काऊन घेत नाई?" त्या माणसाने आधी आपला हात पाहिला, मग मावशींना पाहिलं, मग घंटीची दोरी ओढली आणि तो भर जंगलात, वाघापासून सावध राहायची पाटी लावलेली होती तिथे उतरून गेला. माझ्या पुतण्याच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरीच्या काकांचा हात धरला. काका फर्निचरला पॉलिश मारत. आपल्याच मांडवात आपली नखं कापली गेली हे कळल्यावर त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा मावशींनी मुकाट्याने पाकीट परत दिलं. काकांनी सगळ्यांसमोर मोजलं तर नखं नऊ! दहावं नख कुठी ठेवलं म्हणून पंगत अडली. आपल्या उजव्या अंगठ्याला नखच उरलेलं नाही हे त्या घाबरलेल्या माणसाला आठवायला बराच वेळ लागला. आठवल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी पाकीट आपण होऊन मावशींना परत दिलं.

सायत्रा आमच्या दारी मासोळी विकायला यायची. तळ्याकाठच्या ढीवरांच्या वस्तीतली, चाळिशीची, कष्टाने वाळलेली बाई. धानाच्या हंगामात ती आणि तिच्या वस्तीतल्या पाच-सहा बाया गावाबाहेरच्या एका गोदामात झाडायच्या कामाला जात. पोत्यांच्या थप्प्यांखाली सांडलेला धान झाडून गोळा करायचा. मावशी तिचीही नखं कापायला बसल्या आणि बोलता बोलता सायत्रा म्हणाली, "बाई, गोदामात दुपारी सुक्या मासोळीचा वास येते. कोनी चुलीवर भाजून राह्यलं असा. पाहाले गेलं तं कोनीच नाई. चांगला वाटते. आमी तिथीच झोपतो. तिथी डास नाई, माशी नाई. अशी झोप लागते का उठाव वाटत नाई. उठलं का मंग डोकं फिरते, छाती भरून येते." मावशींच्या हातातलं नेलकटर थांबलं. सायत्रा आपल्याच नादात पुढे म्हणाली, "मागच्या साली एक हमाल तिथी झोपला तो उठलाच नाई. दारू पेला होता म्हनतात. तो पेतच नव्हता."

धानाला पाखरू, म्हणजे कीड, लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्पीत गोळ्या ठेवतात आणि वरून ताडपत्री झाकून टाकतात. गोळ्यांतून निघणाऱ्या गॅसला कधी लसणासारखा, कधी सडक्या मासोळीसारखा वास असतो, आणि कधी वासच नसतो. त्या दिवसांत गोदामात माणसाने पाऊल टाकायचं नसतं. इथे एका थप्पीत गोळ्या आणि शेजारच्या थप्पीवर हमाल, असा कारभार होता. दुसरा कोणी असता तर वास येताच नाक दाबून बाहेर पळाला असता. पण ढीवराच्या लेकीला सुक्या मासोळीच्या वासाची भीती कशी वाटावी? तो तिच्या घराचा वास, आईच्या पदराचा वास. या बाया नेमक्या त्या वासाच्या उशाशी जाऊन झोपत होत्या. मावशींना हे कळलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यात या जहराने त्यांचा मोठाच अपमान केला होता: ते नखात उतरत नाही. तीन पेट्यांचं शास्त्र त्याच्यापुढे कुचकामी होतं. दोन दिवस त्या माडीवर येरझाऱ्या घालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून तांब्याची तार आणली. हा गॅस लागला की तांबं काळं पडतं.

गोदामात मला त्यांनी सोबतीला नेलं. दुपारी बाराची वेळ, मालक जेवायला गेलेला. मी आजवर पुष्कळ गोदामं पाहिली, पण इतकं शांत गोदाम पाहिलं नव्हतं. छताच्या पत्र्याखाली चिमण्या नाहीत, पोत्यांमागे खुडबुड नाही, जमिनीवर मुंगीसुद्धा नाही. एवढा धान आणि खायला कोणी नाही! "उंदीर नसलेल्या गोदामात मानसानं थांबू नाई," मावशी हळूच म्हणाल्या. कोपऱ्यातल्या थप्पीवर ताडपत्री होती, एका बाजूने फाटलेली. वारा अजिबात नव्हता, तरी ती मध्येच फुगायची आणि बसायची, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. ती पत्र्याच्या उन्हाने फुगते हे मावशींनी मला समजावलं. माझ्या अंगावरचा काटा काही त्याने गेला नाही. तिच्या पायथ्याशी बायांनी अंथरलेली रिकामी पोती होती, आणि त्या पोत्यांवर डोक्यांचे गोल खळगे उमटलेले होते. मावशींनी तोंडाला फडकं बांधलं, मलाही बांधायला लावलं, आणि चिंचेने घासून लखलखीत केलेल्या तारा झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठिकठिकाणी टांगल्या. कोणती तार कुठली हे कळावं म्हणून एकीला लाल दोरा, एकीला काळा, एकीला पिवळा. तांबं, दोरे, पिशवीत नखं आणि हातात अर्धं लिंबू, कारण चिंच संपली होती. करणीला म्हणून जे जे लागतं ते सगळं होतं, फक्त कोंबडं राहिलं होतं. आणि दारातून दोन हमाल हे सगळं डोळे फाडून बघत होते. आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी तारा काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तळ्यात टोपलीसकट बुडालेल्या एका बाईची गोष्ट वस्तीतल्या म्हाताऱ्या आधीपासून कुजबुजत होत्या. मासोळीचा वास तिचाच म्हणे. आता त्या कुजबुजीची खात्री झाली. एकाही हमालाने आत पाऊल टाकलं नाही, एकही बाई झाडायला गेली नाही. आठ दिवस गोदाम ओस पडलं. नवव्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसं आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. करणीच्या नुसत्या संशयावरून माणसांचं काय होतं ते या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी आतून कडी लावत होतो, आणि मावशींनी ती काढली. "हात धुऊन बसा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. माणसं गोंधळली, तरी रांगेने नळावर जाऊन हात धुऊन आली आणि ओसरीवर बसली. हमालांचा मुकादम वयस्क माणूस होता, सारे त्याला भाऊ म्हणत. तो म्हणाला, "बाई, खरं सांगा जी. तार काळी काऊन झाली? तुमी केलं का तिनं केलं?"

मावशी अशा प्रश्नाची जन्मभर वाट पाहत होत्या. इतकी माणसं एकाच वेळी त्यांचं ऐकायला कधी बसली नव्हती. त्यांनी गोळी म्हणजे काय, गॅस कसा निघतो, छातीत जाऊन काय करतो, तांबं का काळं होतं, सगळं पाटीवर काढून सांगितलं. मी एवढा मुरलेला मास्तर, पण इतका सुंदर पाठ मी आजवर घेतला नाही. सगळे मान हलवत होते. शेवटी मुकादमाने मोठा सुस्कारा सोडला. "म्हंजे भूत नाई ना, बाई?" "नाई, भाऊ. भूत नसतेच." "गोळीच आहे ना? पाखरू मराची?" "हाव." मुकादम हसला, त्याच्यामागे सगळे हसले. "मंग काय भेव हाय! एवढ्याशा पाखराची गोळी, मानसाले काय करते! आमी उगाच आठ दिवस घरी बसलो." ते मावशींच्या पाया पडले आणि तिथून उठून सरळ कामावर गेले. त्या दुपारी बाया पुन्हा ताडपत्रीशेजारी झोपल्या. मावशी गोदामापर्यंत धावत गेल्या, दारातून एकेकीला नावाने हाका मारल्या. आतून सायत्रा झोपेतच म्हणाली, "येऊ द्या ना बाई, वासच तं आहे."

त्यानंतर मावशींचं कशातच लक्ष लागेना. गोळ्या ठेवल्यावर गोदाम बंद ठेवावं, निदान भिंतीत हवा बाहेर फेकणारे पंखे बसवावेत, असे तीन अर्ज त्यांनी मालकाला लिहिले. मालकाने तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं, आणि मग नागपूरला राहणाऱ्या मावशींच्या मुलाला फोन करून सांगितलं की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, लोक चिडलेत, कमीजास्त झालं तर मी जबाबदार नाही. मुलगा घाबरून गाडी घेऊन आला. जाताना मावशी भांडल्या नाहीत, हे मला फार लागलं. तिन्ही पेट्या गाडीत चढवल्यावर त्या मला म्हणाल्या, "जवाईबापू, खोटं मारते हे मले माहीत होतं. खऱ्यानंही मानूस मरते हे कोनी सांगतलंच नाई."

दोन महिन्यांनी सायत्रा एका दुपारी गोदामातून रांगत बाहेर आली. शेजारी झोपलेल्या बाईला तिने पायाला धरून ओढत आणलं होतं. दोघींना गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी बोलता येऊ लागलं तेव्हा सायत्राने सांगितलं ते असं: "झोपेत कोनीतरी खांदा हालवला. पाह्यलं तं बाई उभी. हातात काळी तार. म्हने, ऊठ गे सायत्रा, हात धू. मले उठता येत नव्हतं तं तिनं केस धरून ओढलं." मावशी तर त्या दुपारी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर होत्या. जिवंत माणूस असं येत नाही, हे वस्तीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाई नागपुरात मेली आणि गोदामात आली, हे संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळलं. तळ्यातली जुनी भुताटकी त्या दिवसापासून मागे पडली. तारवाली बाई तिच्यापेक्षा कडक निघाली.

आज त्या गोदामात मावशींचे सगळे नियम पाळले जातात. गोळ्या ठेवल्या की गोदामाला कुलूप. उघडल्यावर दिवसभर दारं सताड मोकळी. मग सायत्रा चिंचेने घासलेली तार आत टांगून येते, आणि दुसऱ्या दिवशी ती लाल राहिली तरच माणूस आत जातो. जेवायच्या आधी सगळे हातपंपावर हात धुतात, कारण न धुतलेल्या हाताचं नख बाई दुपारी येऊन कापून नेते. झोपायचं ते तळ्याकाठच्या झाडाखाली. मालकाने आधी बाईची शांती करायचं ठरवलं. होमाचा धूर गोदामाबाहेर जाईना, भटजींचा जीव घुसमटला, तेव्हा धूर काढायला त्याने भिंतीत दोन मोठे पंखे बसवले. ते पंखे अजून चालू आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेलो आणि मावशींना त्यांच्या मरणाची हकीकत सांगितली. त्यांनी ती एखाद्या तपासणीसारखी ऐकून घेतली. "माह्या अंगावर पातळ कोनतं होतं म्हनते?" "हिरवं." "हिरवं तं मी बोहारनीले देल्लं." मग त्यांनी चष्म्याच्या काडीचा दोरा घट्ट केला. "तार लाल राह्यल्याशिवाय आत जात नाई?" "नाही." "कोनीच नाई?" "कोणीच नाही, मावशी. मालकसुद्धा." त्या उठल्या, पलंगाखालची पेटी ओढली आणि तळाचं एक पाकीट काढलं. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, काम: तपासणी, आणि हात धुते काय, हाव. त्यांनी कात्री घेतली आणि आपल्या पाकिटाचा कोपरा कापला. तो कच्च आवाज मी इतक्या रविवारी ऐकला होता, पण कोपरा कापताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता तिकडे कोनाले सांगू नका मी जित्ती आहो म्हून," त्या म्हणाल्या. "खरं सांगतलं तं आत गेले. हे आयकून बाहेर राह्यले. मंग मेली तं मेली." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मावशींना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जिथे त्यांचं सगळं गणगोत होतं तिथे आता त्यांना जाता येणार नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नालाही त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "भुतानं मांडवात येऊ नाई, अपशकुन होते." आणि नवरदेव काय काम करतो, हात धुतो का, हे मात्र विचारून घेतलं.

पुढच्या पितृपक्षात सायत्रा आमच्या दारी आली. तिला अजून धाप लागते. पायरीवर बसून तिने दम घेतला आणि पळसाच्या पानात बांधलेली पुडी माझ्या हातात दिली. "सुक्या मासोळीची चटनी आहे, गुरुजी. बाईच्या नावानं. तुमी घरचे, तुमीच ठेवा तिच्या पुढं." मी पुडी घेतली. "मीठ कमी टाकलं," ती म्हणाली, "बाईले बीपी आहे ना." "आहे," मी म्हणालो आणि जीभ चावली. "म्हणजे, होतं." सायत्राने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मोकळी टोपली उचलून निघून गेली.

त्या रविवारी मी पुडी घेऊन नागपूरला गेलो. मावशींनी ती ताटात सोडली. चटणीच्या खाली, वेगळ्या पानात, वहीच्या कागदाची एक चिमुकली घडी होती. उलगडली तर आत दहा नखं, कापून, धुऊन, नीट ठेवलेली. मेलेल्या बाईला कोणी नखं पाठवत नाही. सायत्राला सगळं ठाऊक होतं, कदाचित पहिल्या दिवसापासून. त्या दुपारी तिला खरंच कोणी उठवलं, की बाकीच्यांना बाहेर काढायला तिने बाई उभी केली, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ते जहर नखात उतरत नाही हेही तिला ठाऊक होतं. मावशींनीच तिला सांगितलं होतं. तरी मावशींनी नवं पाकीट घेतलं, त्यावर तिचं नाव लिहिलं, काम लिहिलं, आणि शेवटच्या प्रश्नापुढे 'हाव' लिहिलं. चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवून त्यांनी ते नवऱ्याच्या पाकिटाशेजारी ठेवलं. मग त्या हात धुऊन आपल्या नावाचं जेवण जेवायला बसल्या.